राज्य श्रीशंकराचे

अहिल्याबाई होळकरांच्या काळात माळव्याच्या दरबारातून निघणाऱ्या आज्ञापत्रांवर राज्यकर्तीचे नाव नसे. मजकूर संपला की तेथे श्रीशंकराचे नाव येई. महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. पण त्यासोबत शिवलिंग आणि बिल्वपत्रही उमटत असे. पुढच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनीही हीच खूण पकडली. इतर राजांच्या हाती त्यांनी तलवार दिली. पांढरे लुगडे नेसलेल्या या बाईंच्या तळहातावर लहानशी पिंडी ठेवली.

राज्य शंकराचे आहे आणि आपण त्याच्या वतीने ते सांभाळतो आहोत, हे म्हणणे भरल्या घरात बसून सोपे असते. अहिल्याबाईंचे घर मात्र एकेक दालन करून रिकामे होत गेले. पती, सासू, सासरे, एकुलता एक मुलगा, नातू, जावई आणि अखेर मुलगी, इतकी माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. ज्याच्या नावाने आज्ञा सुटत, त्याच्याच राज्यात हे सारे घडत होते. सत्तर वर्षांच्या या आयुष्याकडे त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. घाट, मंदिरे आणि धर्मशाळा यांची यादी पाठ करून आपण पुढे जातो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी 31 मे 1725 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मराठी फौजांचा तळ चौंडीजवळ पडला असता देवळात आलेली ही मुलगी मल्हारराव होळकरांच्या नजरेस पडली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, 1733 मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला एवढे निश्चित. मल्हारराव स्वतः नीरेकाठच्या होळ गावचे, धनगराच्या घरातले. लहानपणीच पोरके होऊन खानदेशात मामाच्या आश्रयाला वाढलेल्या त्या माणसाने स्वतःच्या मनगटावर माळव्याची दौलत उभी केली होती. माणूस पारखण्याची त्यांची दृष्टी फारशी चुकत नसे. सुनेच्या बाबतीत तर ती मुळीच चुकली नाही.

मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. संसाराला वीस वर्षे उलटून गेल्यावर, 1754 च्या मार्चमध्ये, भरतपूरजवळच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी घातलेल्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. त्या वेळी अहिल्याबाई एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी सती जाण्याची तयारी केली. खंडेरावांच्या इतर स्त्रिया चितेवर चढल्या. अहिल्याबाईंना मात्र मल्हाररावांनी अडवले. रणांगणावर दरारा असलेल्या त्या वृद्धाने सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला. मुलगा गेला, आता तूही गेलीस तर माझे आणि या राज्याचे काय, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई थांबल्या.

आज हा प्रसंग वाचताना त्यांच्या थांबण्याचे आपल्याला नवल वाटत नाही. त्या काळी ते सोपे नव्हते. चितेवर चढणारीला लोक हात जोडत. मागे राहिलेलीला उरलेले आयुष्य पांढऱ्या वस्त्रात आणि पुष्कळदा लोकांच्या बोलण्यात काढावे लागे. अहिल्याबाईंनी दागिने उतरवले, रंगीत वस्त्र सोडले आणि सासऱ्याच्या हाताखाली कारभार शिकायला बसल्या. मल्हाररावांची 1765 मधली त्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत सुनेच्या शोकाबद्दल चकार शब्द नाही. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे कूच करावे, तोफखाना बरोबर ठेवावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, अशा सूचना आहेत. विधवा सुनेच्या हाती तोफखाना सोपवणारा सासरा अठराव्या शतकात होता, ही गोष्ट शाळेतल्या मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे.

1761 हे वर्ष पानिपतचे. मराठी मुलखातील बहुतेक घरांवर त्या वर्षी सुतक आले. होळकरांच्या घरातून त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाई गेल्या. 1766 च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला आणि दौलत मालेरावांच्या नावे झाली.

मालेरावांची हकीकत सांगताना चरित्रकार सहसा घाई करतात. थोर आईचा मुलगा तसा निघाला नाही, हे लिहिणे अवघड जाते. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी 1818 नंतर माळव्याच्या कारभारावर होता. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात नोंदवल्या. त्यानुसार मालेरावांचा स्वभाव लहरी आणि क्रूर होता. वाड्यातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी एका कशिदाकाराला ठार मारले आणि नंतर तो निर्दोष असल्याचे उघड झाले. पश्चात्तापाने मालेराव भ्रमिष्ट झाले. मेलेल्याच्या पिशाच्चाने त्यांना झपाटले आहे, अशी सर्वांची समजूत झाली. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. त्यांनी त्या मृतात्म्याची करुणा भाकली. त्याचे देऊळ बांधू, त्याच्या कुटुंबाला जमीन लावून देऊ, असे वचन दिले. मुलाच्या तोंडून उत्तर येत राहिले की मला निरपराध मारले आहे, मी याचा प्राण घेणारच. 1767 मध्ये मालेराव गेले. त्यांना गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते.

मातेने स्वतःच मुलाला मारविले, अशी आवई पुढे उठली. न्यायासाठी पोटच्या पोराला तिने हत्तीच्या पायी दिले, असे सांगून काहींनी तिला गौरवाचे रूपही दिले. माल्कमने चौकशी करून हा आरोप साफ खोटा ठरवला आहे. खरी हकीकत या दंतकथेहून कठीण आहे. मुलाचा अपराध आईला ठाऊक होता. मारला गेलेला माणूस निर्दोष होता, हेही तिने मनोमन मान्य केले होते. म्हणून तर त्याच्याकडे ती क्षमा मागत होती. देवाच्या घरी न्याय असतो असे मानणारीला तो न्याय स्वतःच्या मांडीवर होताना पाहावा लागला. तरीही ती उशाशी बसून मुलासाठी भीक मागत राहिली. अहिल्याबाईंच्या श्रद्धेत आईपण विरून गेले नव्हते, हे येथे दिसते.

मालेरावांना पुत्र नव्हता. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेण्याचा सल्ला दिला. अज्ञान मुलाच्या नावाखाली कारभार आपल्या हाती राहावा हा हेतू त्यामागे होता. बाईंनी नकार देताच त्यांनी रघुनाथराव पेशव्यांना हाक घातली. होळकरांच्या दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा फौजेसह निघाले. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली, फौज सज्ज केली आणि दादासाहेबांना निरोप पाठवला, त्याचा आशय असा होता: बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचाच पक्ष उचलून धरला आणि राघोबादादांना माघार घ्यावी लागली. मुलाचे सुतक नुकतेच फिटले होते तेव्हाची ही गोष्ट. ईश्वरावर भार टाकणे याचा अर्थ हात बांधून बसणे असा त्यांनी कधीच घेतला नाही.

फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवले. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते. शिवाय ते वयाने अहिल्याबाईंहून मोठे होते. तरी ते त्यांना आईच म्हणत. जवळजवळ तीस वर्षे ही दुहेरी व्यवस्था मोठ्या भांडणाशिवाय चालली. त्या काळच्या मराठी सरदारांच्या घरचे भाऊबंदकीचे रंग ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना याचे मोल कळेल.

राजधानी इंदूरहून नर्मदाकाठी महेश्वरला आली. मल्हाररावांनी मागे ठेवलेला खजिना आणि खासगीचे गाव यांवर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवले, म्हणजे ते उत्पन्न धर्मकार्यासाठी वाहून टाकले. सरकारी महसूल आणि फौजेचा खर्च यांचा हिशोब वेगळा. खासगीच्या पैशातून दान आणि राज्याच्या पैशातून राज्य, ही रेघ त्यांनी कटाक्षाने पाळली. काशी, सोमनाथ, गया येथे उभे राहिलेले काम या खासगीतून झाले, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

त्यांचा दिवस पहाटेच्या आधी सुरू होई. स्नान, पूजा, पुराणश्रवण, अन्नदान आणि मग स्वतःचे साधे, निरामिष जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येऊन बसत आणि सूर्यास्तापर्यंत लोकांचे ऐकत. दोन-तीन तास पुन्हा उपासना, मग रात्री नऊपासून अकरापर्यंत कारभाराचे कागद. वर्षानुवर्षे हा क्रम उपास आणि सण वगळता मोडला नाही, असे माल्कम नोंदवतो. देवपूजेचे तास मोजून कोणी त्यांना संन्यासिनी समजू नये. त्या स्वभावाने प्रसन्न होत्या, पुराणे स्वतः वाचून त्यांचा अर्थ लावत आणि अन्याय दिसला की त्यांच्या रागापुढे जवळची माणसेही थरथरत. एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला. तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकायला लावला.

सत्तेचा प्रत्येक वापर आपल्याला ईश्वरापुढे मांडावा लागणार आहे, ही त्यांची पक्की समजूत होती. एखाद्या अपराध्याला कठोर शिक्षा द्यावी असा आग्रह कारभाऱ्यांनी धरला, तर परमेश्वराने घडवलेले मोडताना आपण माणसांनी फार विचार करावा, असे त्या सुचवत. इंदूरचा एक सधन सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा त्याच्या संपत्तीवर तुकोजींनी हक्क सांगू पाहिला. विधवेने महेश्वरला धाव घेतली. अहिल्याबाईंनी तिला मानाची वस्त्रे दिली आणि तुकोजींना इंदूरपासून दूर निघून जाण्याचा हुकूम पाठवला. ज्या काळी बेवारस धन ही सरकारची हक्काची कमाई समजली जाई, त्या काळातला हा निकाल आहे.

वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांशी त्या प्रथम सक्तीने वागल्या. मग त्यांचा वाटेवरचा जुना कर त्यांनी मान्य केला, त्यांना पडीक जमिनी कसायला दिल्या आणि आपापल्या हद्दीतील रस्त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया लागत. नांगराला जुंपलेल्या बैलांनाही बाईंची माणसे पाणी पाजत. पिकांवर बसणाऱ्या पाखरांना सगळीकडून गोफणीने हाकलतात, मग त्यांनी खावे कोठे, म्हणून त्यांनी काही उभी शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली होती. ज्या राजाच्या नावे हुकूम सुटत, त्याची प्रजा म्हणजे केवळ माणसे नव्हेत, असा हा हिशोब होता.

1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने पाडलेल्या विश्वेश्वराच्या मंदिराच्या जागेलगत 1780 मध्ये त्यांनी नवे काशी विश्वनाथ मंदिर उभे केले. सोमनाथला 1783 मध्ये आणि गयेला विष्णुपदाचे देऊळ त्यानंतर थोड्या वर्षांनी झाले. दक्षिणेतील दूरच्या देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी नियमाने जात. या सर्वांचे हिशोब मराठीत, मोडी लिपीत, नर्मदेच्या काठी लिहिले जात होते. आठव्या वर्षी सासरी निघालेल्या चौंडीच्या मुलीचे जवळजवळ सारे आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरांची परंपरा किती जुनी आहे, हे त्या दफ्तरांवरून कळते.

मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करणाऱ्यालाच मुलगी देईन, असा पण बाईंनी लावला होता आणि फणशांनी तो जिंकला, असे सांगतात. त्यांचा मुलगा नथ्याबा आजीच्याच छायेत वाढला. मालेरावांच्या मागे रिकाम्या झालेल्या वाड्यात हे एक मूल होते. 1790 मध्ये ऐन तारुण्यात तो वारला. जेमतेम वर्ष लोटले आणि 1791 मध्ये यशवंतरावही गेले.

मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय जाहीर केला. अहिल्याबाईंचे वय तेव्हा सहासष्ट होते. त्यांनी जमिनीवर लोळण घेतली. आराध्य देवतेच्या शपथा घातल्या, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून विनवले. सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरच्या तळावर एका वृद्धाने त्यांच्यापुढे असाच पदर पसरला होता. तेव्हा त्यांनी ऐकले होते. मुक्ताबाईंनी ऐकले नाही. त्यांचे म्हणणे शांत आणि बिनतोड होते. आई वृद्ध आहे, थोड्याच वर्षांत तिचे पुण्यवान आयुष्य संपेल; मुलगा गेला, पती गेला; आईही गेल्यावर जगणे असह्य होईल, आणि तेव्हा मानाने मरण्याची ही संधी निघून गेलेली असेल.

राज्याच्या मालकिणीने हुकूम देऊन ही चिता का थांबवली नाही, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येतो आणि तो योग्य आहे. परक्या विधवेच्या धनाचे रक्षण करणारी सत्ता पोटच्या विधवेच्या प्राणाचे रक्षण करू शकली नाही. सतीबंदीचा कायदा यायला अजून अडतीस वर्षे होती, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. ज्या धर्मभावनेने अहिल्याबाईंना चाळीस वर्षे उभे ठेवले, तिच्याच आधाराने मुलगी आगीत चालली होती. तो आधार एका बाजूने मानायचा आणि दुसऱ्या बाजूने मोडायचा, हे त्यांना साधले नसावे. आज त्यांचे चरित्र सांगताना हा सल झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

विनवण्या संपल्यावर त्यांनी शेवटचा प्रसंग डोळ्यांनी पाहण्याचे ठरवले. अंत्ययात्रेबरोबर चालत त्या नर्मदाकाठी आल्या आणि चितेपाशी उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाला उठेपर्यंत त्या स्थिर होत्या. मग मात्र धीर सुटला. त्यांनी हंबरडा फोडला, सोडवून घेण्याची धडपड केली आणि धरलेले हात सुटेनात म्हणून ते दातांनी चावले. सर्व आटोपल्यावर त्यांना नर्मदेत स्नान घालून वाड्यात नेले. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, एक शब्द उच्चारला नाही.

स्तुतीचा ग्रंथ नदीत टाकणाऱ्या बाईंचे हे रूप पुष्कळ चरित्रकारांना अडचणीचे वाटते. स्थितप्रज्ञ साध्वीने हात चावू नयेत, अशी त्यांची अपेक्षा असते. माल्कमला हे सांगणाऱ्या माळव्याच्या माणसांना मात्र त्यात उणेपणा वाटला नाही. देवावर विश्वास असलेल्या माणसाला दुःख कमी होते, असे त्या साध्या माणसांनी कधी मानले नसावे.

चौथ्या दिवशी काय झाले, याविषयी नोंद मोजकीच आहे. त्या सावरल्या. गेलेल्यांच्या स्मरणार्थ महेश्वरला सुंदर छत्री बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. दुपारी दोनला दरबार पुन्हा भरू लागला, रात्रीचे कागद पुन्हा समोर येऊ लागले आणि त्यांच्या खाली पूर्वीचेच नाव होते. इतके सारे हिरावून घेतल्यावरही राज्य कोणाचे, याविषयीचे त्यांचे म्हणणे बदलले नाही.

अखेरची वर्षे निर्वेध नव्हती. 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांच्या सैन्याचा मोड केला. दोन मराठी दौलती आपसांत लढल्याचे वृत्त महेश्वरला पोचले, तेव्हा बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, 13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावणात, त्यांनी देह ठेवला. सरळ वारस म्हणावे असे कोणीही त्या वाड्यात उरले नव्हते.

महेश्वरच्या किल्ल्यात त्यांचा वाडा आहे. दिल्ली-आग्ऱ्याचे महाल पाहून येणाऱ्याला तो एखाद्या पाटलाचा वाटावा इतका साधा. तेथे त्यांनी घालून दिलेली लिंगार्चनाची प्रथा अजून चालू आहे. रोज सकाळी ब्राह्मण पाटावर बसून ओल्या मातीची बोटाएवढी शिवलिंगे वळतात. त्यांच्या ओळी मांडून पूजा होते. पूजा आटोपली की ती सारी माती घाट उतरून नर्मदेत सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने माती मळायला घेतात.